चौऱ्याण्णव अधिक एक

भिवंडीचे नेमके काय चुकते, याचा शोध अखेर लागला आहे. चूक रस्त्यांत नाही, लूमच्या मंदीत नाही, अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तर मुळीच नाही. चूक स्पेलिंगमध्ये आहे. गावाच्या इंग्रजी नावात एखादे अक्षर वाढवले की सायझिंगपासून सांडपाण्यापर्यंत सगळे मार्गी लागेल, असे अंकशास्त्र सांगते. सिनेमावाल्यांनी आपापल्या नावांत एवढी जादा अक्षरे कोंबून घेतली आहेत. एक गावाच्या वाट्याला आले तर कोणाचे बिघडते?

आम्हीही मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आधी अर्थात कीरोची पद्धत. हे कीरो म्हणजे मूळचे आयर्लंडचे विल्यम वॉर्नर. आपण ही विद्या मुंबईला उतरून कोकणातल्या एका चित्पावन गुरूकडे शिकलो, असे ते सांगत. म्हणजे विद्या घरचीच, विलायतेहून परत आली म्हणून भाव वधारला. या पद्धतीत अक्षरांना 1 ते 8 अशा किमती आहेत. 9 हा आकडा कुठल्याच अक्षराला देत नाहीत. तो फार पवित्र. भिवंडीच्या इंग्रजी स्पेलिंगची बेरीज आली 25, म्हणजे 2 आणि 5 मिळून 7. सात म्हणजे केतू. पायथागोरसच्या नावाने चालणारी दुसरी पद्धत लावली, तर 43, पुन्हा 7. दोन शास्त्रांचे एकमत! असे भिवंडीत क्वचितच होते. एक जादा 'ए' घालून पाहिला, तर कीरोच्या हिशेबाने 26, म्हणजे 8, म्हणजे शनी. तो तातडीने काढून टाकला.

पण भिवंडीच्या पाट्या एका लिपीत थांबत नाहीत. देवनागरीसाठी आपल्याकडे कटपयादी आहे. क, ट, प, य यांना 1. ख, ठ, फ, र यांना 2. याप्रमाणे व्यंजनांना किमती. मात्रा आणि अनुस्वार फुकट, जोडाक्षरातले शेवटचे व्यंजन धरायचे आणि आलेले आकडे उलटे वाचायचे. कर्नाटक संगीतवाल्यांनी 72 मेळकर्ता रागांची नावेच अशी बेतली की पहिल्या दोन अक्षरांत रागाचा क्रमांक सापडतो. मेचकल्याणी घ्या: म म्हणजे 5, च म्हणजे 6, उलटे वाचून 65, आणि तो राग 65वाच. खरे तर ही पाठांतराची सोय. क्रमांक लक्षात राहावा म्हणून नाव तसे ठेवलेले. नाव तसे म्हणून नशीब तसे, हा पुढचा शोध. असो. भिवंडी: भ 4, व 4, ड 3, म्हणजे 344, बेरीज 11, म्हणजे 2. दोन म्हणजे चंद्र.

राहिली उर्दू. तिथे अबजद: अलिफ 1, बे 2, जीम 3, दाल 4 आणि पुढे हजारापर्यंत. शायर मंडळी या हिशेबाने एखाद्याच्या निधनाचे साल एका मिसऱ्यात बसवत. 786 हा आकडाही याच बेरजेतला, बिस्मिल्लाच्या पूर्ण वाक्याचा. अनेक उलेमांना तो पटत नाही. पण 'दीवार'मधल्या अमिताभच्या बिल्ल्यावर 1975 साली तो झळकला, आणि मग उलेमांचे कोण ऐकतो? उर्दूत लिहिलेल्या भिवंडीची बेरीज 87, म्हणजे 15, म्हणजे 6. शुक्र.

म्हणजे गाव एकच, पण मराठी पाटीखाली चंद्र, उर्दू पाटीखाली शुक्र आणि इंग्रजी पाटीखाली केतू. शांत कुणाकुणाची करायची?

साध्या किल्ल्यांनी भागत नाही, तिथे गूढग्रंथ काढावा लागतो. तसा एक आहे. अलिस्टर क्राउली या इंग्रज मांत्रिकाला 1904 च्या एप्रिलमध्ये कैरोत तीन दिवस, रोज दुपारी बारा ते एक, कोणी अदृश्य शक्ती मजकूर सांगत होती म्हणे, आणि तो उतरवून घेत होता. वेळ पाहा: अदृश्य शक्तीसुद्धा ऑफिसच्या वेळेत येते आणि एकच्या ठोक्याला उठते. या 'बुक ऑफ द लॉ'मध्ये एके ठिकाणी नुसतीच अक्षरे आणि आकडे ओळीने येतात, ज्याचा अर्थ खुद्द उतरवून घेणाऱ्यालाही नीट लागला नाही. इंग्रजी अक्षरांचा नवा क्रम आणि नव्या किमती शोधाव्यात, अशी आज्ञाही ग्रंथातच आहे. पुढे जोडलेल्या टिपणात मात्र याचा अभ्यास निषिद्ध असून एकदा वाचून प्रत नष्ट करणे शहाणपणाचे, असे बजावले आहे. भाष्यकारांना याहून मोठे आमंत्रण काय हवे! 1976 साली इंग्लंडमध्ये जेम्स लीस यांनी किल्ली शोधून काढली: दर अकरावे अक्षर मोजत जा. ए 1, एल 2, डब्ल्यू 3, असे करत पी 26.

आता श्वास रोखून धरा. या किल्लीने भिवंडी होते 94. बेरीज 13, म्हणजे 4, म्हणजे राहू. चौथा ग्रह. पण खरी गंमत पुढे आहे. याच किल्लीने इंग्रजी 'पॉटहोल' या शब्दाची बेरीज येते 95. पी 26, ओ 7, टी 24, एच 4, ओ 7, एल 2, ई 25. मोजून घ्या. एकाने हुकले म्हणता? हुकलेले नाही. हिब्रू गूढवाद्यांकडे याची रीतसर तरतूद आहे. तिला कोलेल म्हणतात: बेरीज एकाने कमी पडली तर शब्दाचा स्वतःचा असा एक त्यात मिळवता येतो. 94 अधिक 1, पंचाण्णव. कैरोतल्या त्या अदृश्य शक्तीला 1904 सालीच अंजूरफाटा दिसला होता, याहून वेगळा अर्थ काय काढणार?

कोणाला किल्ली परदेशी वाटत असेल, तर स्वदेशी घ्या. 'खड्डा' कटपयादीत: ख 2, ड 3, उलटे वाचून 32. आता 'बिल' उर्दूत लिहा: बे 2, लाम 30. बत्तीस! बिल भरले की खड्डा, खड्डा दिसला की बिल. इथे तर एकही मिळवावा लागला नाही. घरपट्टीचे की विजेचे, एवढे मात्र शास्त्र सांगत नाही.

हा बत्तीसचा शोध लावायला आम्हाला चहा गार होण्याइतका वेळ लागला. पाच किल्ल्या, तीन लिप्या, बेरीज एकअंकी करायची की नाही याची मुभा, उलटे वाचायची सोय आणि वर एक फुकट, एवढे हाती असल्यावर काय जुळणार नाही? न जुळलेले शब्द आम्ही इथे छापलेले नाहीत. 'पॉवर' आणि 'लूम' मिळून 110 होतात. त्यांचे काही जमेना, म्हणून ते गाळले. मोठे भाष्यकारही असेच करतात, फक्त ते सांगत नाहीत.

आणि हे सगळे चालायचे कुठे, तर आकडा वाचून पोट भरणाऱ्या गावात. ग्रे कापडाच्या सौद्यात 60×60/92×88 असे लिहिलेले असते. बाहेरच्याला हा मंत्र वाटेल. लूमवाल्याला विचारा: ताणा-बाणा दोन्ही साठ काउंटचे, साठ काउंट म्हणजे 840 यार्डांच्या साठ लडींचे वजन एक पौंड, म्हणजे पौंडभर सुतात 46 किलोमीटर धागा, आणि इंचाला उभे तार 92, आडवे 88. मराठी मेहताजी असो की उर्दू बोलणारा शेठ, आकडा तोच राहतो. व्यापारी ताग्यावर भिंग ठेवतो, सुईच्या टोकाने पिक, म्हणजे आडवे तार, मोजतो. 84 भरले की भाव पाडतो. राहूने चार खाल्ले, असे त्याला सांगून पाहा. चार सोडाच, एकसुद्धा तो पदरचा मिळवत नाही.

ज्योतिषाचा असा पडताळा घेणारे महाराष्ट्रात नव्हते असेही नाही. 2008 साली पुण्यात जयंत नारळीकरांनी अंनिसच्या साथीने 200 कुंडल्या जमवल्या: 100 हुशार मुलांच्या, 100 बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या, कोणती कुठली ते सांगा म्हटले. 27 जणांनी उत्तरे पाठवली आणि सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तर पन्नास आली असती. राहिलेल्या चारांसाठी तिथे कोलेलची सोय नव्हती.

2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत बारा कृत्ये आहेत. फी घेऊन स्पेलिंग बदलून देणे त्यांत नाही. तेव्हा वाचकहो, पोलिसांत जाण्यात अर्थ नाही. कटपयादी, अबजद आणि लीससाहेबांची किल्ली वर दिली आहे. कीरो कुठल्याही रद्दीच्या दुकानात मिळेल. मुलाचे, दुकानाचे, गाडीच्या नंबराचे जे काय काढायचे ते घरच्या घरी काढा, आणि स्पेलिंगसाठी बाजूला ठेवलेले पैसे गाडीच्या शॉकअब्सॉर्बरला लावा.