मामांची सुई

हळदीच्या मांडवाबाहेर डीजेचा टेम्पो लागला की दोन माणसं तिथं न बोलावता हजर होतात. एक, ज्याला आपलं गाणं सगळ्यात आधी लावून घ्यायचं असतं तो. दुसरे मामा. मामांना गाणं सांगायचं नसतं. ते हात मागे बांधून उभे राहतात, बेसचे डबे मोजतात, लॅपटॉपकडे बघतात आणि जनरेटर सुरू व्हायच्या आत विचारून घेतात, “यात सुई कुठं हाय?”

भिवंडी तालुक्यात दिघाशी-अंबाडीच्या बाजूला लग्नसराईत एक चक्कर मारा, मामा भेटतीलच. नाव विचारू नका. गावागणिक नाव बदलतं, माणूस तोच असतो. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं (त्यातलं एक चालत नाही) आणि घरी पलंगाखाली पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत तबकड्या. तबकडी हा शब्द आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांचा. मामा ‘रेकाड’ म्हणतात, आणि एकेका रेकाडला तान्ह्या पोरासारखं दोन्ही तळव्यांनी कडेकडेनं धरतात. घरातल्या खऱ्या पोरांना त्यांनी इतकं जपून कधी उचललेलं नाही, असं मामींचं म्हणणं.

मामांचा धंदा सुरू झाला तो साठ-सत्तरच्या दशकात. तेव्हा लाखेच्या तबकड्या अजून वापरात होत्या. मिनिटाला 78 फेरे, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं एक गाणं, आणि हातातून पडली की सरळ खापऱ्या. मामा एसटीत त्या मांडीवर घेऊन बसायचे. गाडी खड्ड्यात आदळली की बाकीचे प्रवासी स्वतःचं डोकं सांभाळत, मामा रेकाडं. पुढं प्लॅस्टिकच्या 45 फेऱ्यांच्या छोट्या आणि 33च्या मोठ्या तबकड्या आल्या. त्या पडून फुटत नव्हत्या, म्हणून मामांचं मन काही त्यांच्यावर बसलं नाही.

लाखेच्या तबकड्यांच्या काळी पोलादी सुई एका बाजूपुरती वापरून टाकून द्यायची, अशी कंपनीची सूचना होती. मामा एका सुईवर अख्खी वरात काढत. बॅटरी ट्रॅक्टरची. कर्णा आंब्यावर चढवून बांधायचा, तोंड शेजारच्या गावाकडं. लग्न आपल्याकडं, कर्णा तिकडं का, असं मी एकदा विचारलं. मामांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. “आपल्या गावाला ठावंच हाय ना लगीन हाय त्ये!”

आता टेम्पोवरचा पोरगा. तोही काही अडाणी नाही. कानावर हेडफोन, तोही एकाच कानावर. जपानी टेक्निक्स कंपनीनं 1972मध्ये काढलेलं एसएल-1200 हे टर्नटेबल जगभरच्या डीजेंचं दैवत आहे, हे त्याला मोबाईलवर बघून तोंडपाठ आहे. त्याच्या चकतीला पट्टा नाही, मोटर थेट चकतीखाली. म्हणून ती बोटानं अडवली, उलटी फिरवली, तरी सोडताक्षणी पुन्हा वेग पकडते. 1979च्या सुधारित मॉडेलला वेग कमीजास्त करायची पट्टी आली, आठ टक्के इकडं, आठ टक्के तिकडं. दोन टर्नटेबलं शेजारी ठेवायची, एक गाणं लोकांना, दुसरं आपल्या एका कानाला, पट्टी सरकवून दोघांचे ठोके जुळवायचे आणि क्रॉसफेडर सरकवत लोकांच्या नकळत पहिल्यातून दुसऱ्यात जायचं. मग 2001मध्ये पायोनियरनं सीडी तशीच हातानं फिरवता येईल असं यंत्र काढलं, आणि पाठोपाठ लॅपटॉप आला. आता ठोके जुळवायला ‘सिंक’ नावाचं एक बटण असतं.

“बटन,” मामा म्हणाले. बस, एवढंच. आमच्याकडं चपाती विकत आणणाऱ्या सुनेबद्दल ज्या सुरात बोलतात, तो सूर.

पोरानं मामांना खूश करायला आणखी एक माहिती दिली. परदेशात काही डीजे लॅपटॉपला जोडून तबकडीच फिरवतात, पण त्या तबकडीत गाणं नसतं. नुसती खुणेची शिट्टी असते. सुई कुठं आहे ते त्या शिट्टीवरून कॉम्प्युटरला कळतं आणि गाणं आतून वाजतं. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हंजे वरात निघाली, घोडा हाय, नवरी नाय.”

खरं सांगायचं तर मामांनी जन्मात कधी मिक्सिंग केलेलं नाही. त्यांच्याकडं फोनो एकच होता. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंतची फट ते माईकवर भरून काढायचे. हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. नवरदेवाच्या आत्याकडून अकरा रुपये आहेर. मुलाच्या मामांनी मांडवात यावं. कुणाची तरी बैलगाडी वाटेत उभी आहे. हाच त्यांचा क्रॉसफेडर. आणि मला विचाराल तर लग्न त्या फटीतच व्हायचं. लोक पाणी प्यायचे, भांडण मिटवायचे, एखादी म्हातारी रडून घ्यायची. आताच्या मिक्सिंगमध्ये श्वास घ्यायला फट म्हणून राहिलेली नाही. माझ्या आतेभावाच्या हळदीला मी शेजाऱ्याला ‘जेवलात का’ हे तीनदा विचारलं. चौथ्या वेळी त्यानं मोबाईल काढून त्यावर ‘हो’ लिहून दाखवलं.

कॅसेटचा काळ मामा एका वाक्यात संपवतात. “मधी जरा कॅसेटी होत्या.” या ‘मधी जरा’त वीस वर्षं आहेत. त्या वीस वर्षांत मामांनी स्वतः डेक घेतला होता आणि बाहेर आलेली फीत पेन्सिल घालून गुंडाळण्यात ते पंचक्रोशीत पटाईत होते, असं मामींनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. बाहेर हा विषय काढायचा नाही.

मामांचं दुखणं मला फार उशिरा कळलं. ते आवाजाचं नाही. ‘रेकाडला ऊब असते’ वगैरे शहरातले लोक म्हणतात, मामांच्या रेकाडला ऊब नव्हती, खरखर होती, आणि तापायचं ते कर्ण्याचं युनिट. मामांकडं तबकड्या होत्या चाळीसेक. सरपंचाच्या भावानं गाणं सांगितलं तर मामा डोळे मिटून म्हणायचे, “हाय, पन आज नाय.” अख्ख्या गावात सरपंचाच्या भावाला नाही म्हणू शकणारा हा एकटाच माणूस. डीजेच्या पेनड्राईव्हमध्ये अकरा हजार गाणी आहेत. अकरा हजारवाल्याला नाही म्हणायला तोंडच नसतं. नवरदेवाचा मित्र मोबाईल नाचवत येतो आणि पोरगा निमूट लावतो.

पण मामांच्याही आधी कुणीतरी होतं. आमच्याकडं लग्न लावायची ती धवलारीण. हळदीपासून धवले गायची, तिच्या गाण्याशिवाय विधी पुढं सरकत नसे. मामांचा कर्णा आंब्यावर चढला आणि तिचा आवाज मांडवातल्या मांडवात बुडाला. गावातली धवलारीण आजी आता ऐंशीच्या पुढं आहे. मामा सुईचं पुराण लावतात तेव्हा ती समोर बसून सुपारी कातरत असते. अडकित्ता जरा जोरात वाजतो, इतकंच.

आतेभावाच्या त्याच हळदीला साडेनऊच्या सुमारास लॅपटॉप निळा झाला. अपडेट सुरू, पस्तीस टक्के, कृपया बंद करू नका. दहा वाजता आवाज बंद करावाच लागतो. नाचणारे हात वर करून तसेच थबकले. पोरगा घामाघूम. मामांचा चेहरा मी विसरणार नाही. पन्नास वर्षं ते या पस्तीस टक्क्यांची वाट बघत होते. “हलू नका कोनी,” म्हणाले आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून घराकडं सुटले.

ट्रंक निघाली, फोनो निघाला. फोनोतल्या रबरी पट्ट्याची चिकट बासुंदी झालेली. मिठाईच्या खोक्याचं रबर लावून पाहिलं, ते सैल, बाईचा आवाज पुरुषाचा यायला लागला. दुसरं लावलं. सुईवरची धूळ फुंकली. तेवढ्यात दहाला दहा कमी.

मामा फोनो छातीशी धरून मांडवात शिरले तेव्हा मांडव शांत होता. अपडेट एकाहत्तर टक्क्यांवर होतं आणि तिकडं कुणी बघतही नव्हतं. आजी नवरदेवाच्या पाटाशी बसून धवला गात होती, बायका मागून ओढत होत्या, डीजेचा पोरगा मोबाईलवर रेकॉर्डिंग करत होता. मामांनी खुर्ची ओढली, फोनो ठेवला, तबकडी काढली. तिच्यावर तो भोंग्यासमोर कान टवकारून बसलेला कंपनीचा कुत्रा. वायर कुठं जोडायची, असं मामांनी पोराला खुणेनं विचारलं.

आजीनं कडवं पुरं केलं, दम घेतला आणि मामांकडं न बघताच म्हणाली, “पयला तो तुजा कुत्रा बांद.”