घरचं म्हणजे फुकटचं नव्हे

नवरात्र संपलं की नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राममध्ये गाड्यांच्या डिक्या रंगीत खोक्यांनी भरू लागतात. खारी बावलीचा सुकामेवा, वर्ख लावलेली मिठाई, आणि न उघडताच या घरातून त्या घरात सरकवली जाणारी सोनपापडी. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर द्यावं. पण हात आखडता असलेल्या घरातून फराळाचा डबा गेला, तर त्याला इथे जी वागणूक मिळते ती मला मान्य नाही.

पहिली तक्रार गेटची. स्टीलचा डबा घेऊन ओळखीच्यांच्या सोसायटीत जावं, तर गार्ड विचारतो, ‘कौन-सी कंपनी से?’ डबा दिसला म्हणून तो फोनवर ‘डिलिव्हरी’ दाबतो आणि वरून निरोप येतो, ‘गेट पे रखवा दो.’ नाव सांगून, पुन्हा फोन लावायला सांगून आत जावं लागतं. बिचाऱ्या गार्डचा यात काही दोष नाही. पण सणाच्या दिवशी माणूस माणसाकडे स्वतः काही घेऊन येईल, हे वरच्यांच्याही ध्यानात येऊ नये?

दुसरी तक्रार एका वाक्याची. ‘घर का बना है? चलो, पैसे बच गए!’ काय वाचलं, ते एकदा बसून मोजावं. सप्टेंबर २०२४ मध्ये, दिवाळी दीड महिन्यावर असताना, केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर शून्याचं थेट २० टक्के मूळ शुल्क झालं. त्याची झळ तळणीच्या कढईला बसलीच.

आणि तेल विकत तरी मिळतं. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलावं लागतं. मग ते उपसून कापडावर सावलीत पसरायचे, जरा दमट असतानाच दळायचे, गुळात मळून पीठ मुरत ठेवायचं. एवढं करून तुपात अनारसा हसला की सगळं मुसळ केरात. चकलीच्या भाजणीला तांदूळ, डाळी, धणे, जिरे वेगवेगळे भाजा, मग चक्कीवाल्याला विनवा की भैया, गव्हावर दळू नका, डाळीवर दळा. हे सगळं घरातली बाई नोकरीवरून आल्यावर, रात्री करते. ‘घरीच कर, स्वस्त पडेल,’ असं सांगणाऱ्या नवऱ्यांनीही हा हिशेब लिहून ठेवावा.

तिसरी तक्रार डब्याची. तो परत येत नाही. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. शेजारीण पंजाबी असो की बिहारी, तिच्या माहेरीही भांडं रिकामं पाठवत नाहीत. तेव्हा रीत माहीत नव्हती, ही सबब चालायची नाही.

चौथी तक्रार भावाची. मॉलमध्ये ‘हँडमेड’ची चिठ्ठी लावलेली मेणबत्ती लोक निमूटपणे सांगेल त्या किमतीला घेतात. लोदी रोडजवळच्या ब्लाइंड स्कूलच्या दिवाळी मेळ्यात अंध प्रशिक्षणार्थींनी केलेल्या मेणबत्त्या आणि दिवे मिळतात. ते तर आवर्जून घ्यावेत. पण उत्तम नगरच्या प्रजापती कॉलनीत चाकावर पणत्या घडवणाऱ्या कुंभाराशी दोन-दोन रुपयांसाठी हुज्जत घालायची, हे कुठलं शहाणपण? हात इथेही तसेच राबतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने केंद्रीय खात्यांना बजावलं, की दिवाळी आणि इतर सणांच्या भेटींवर सरकारी पैसा खर्च करू नका. सरकारने हात आवरला तर ती काटकसर, आणि घरकर्जाचे हप्ते फेडणाऱ्या कुटुंबाने बेसनाचे लाडू दिले तर ती गरिबी? हा दुजाभाव आपण मनातून काढलाच पाहिजे.

डब्याची कदर कुठे होते, तेही सांगते. जुन्या राजिंदर नगरात आणि मुखर्जी नगरात यूपीएससीच्या अभ्यासासाठी आलेली आपली मुलं-मुली दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात. दिवाळीला गावी जाण्याचं तिकीट आणि अभ्यासाचे दिवस, दोन्ही परवडत नाहीत. त्यांना मेतकुटाची पुडी, थालीपिठाची भाजणी, मूठभर चिवडा द्या. पोरं उभ्या उभ्याच डबा उघडतात, ‘काकू, भाजणी घरची ना?’ विचारतात आणि डबा घासूनपुसून परत आणून देतात. त्यांना कुणी शिष्टाचार शिकवायला गेलं नव्हतं.

बाकीच्यांकडे माझं मागणं मोठं नाही. डबा हातात घ्या, त्याच दिवशी उघडा, स्वतः खा, पुढे सरकवू नका. चकली मऊ पडली असेल तर तसं सांगा, राग येणार नाही. किंमत विचारू नका. आणि डबा परत करा, पुढच्या वर्षी त्यातूनच फराळ यायचा आहे.