आवर्तनमीमांसा अर्थात बुद्धिबळयंत्राचे राहुरीशी नाते

प्रतिज्ञा : संगणकाने कोणत्या चालीवर किती वेळ विचार करावा, हे शास्त्र राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला, मुळा धरणाच्या काठी, आधीच सिद्ध झालेले आहे. परदेशी प्रोग्रामरांनी ते फक्त घड्याळाला लावले.

विवेचन : धरणाची क्षमता 26 टीएमसी. पाऊस कधी येईल, ठाऊक नाही. म्हणून कालवा सल्लागार समिती साठा पाहून पाणी सोडण्याची आवर्तने ठरवते. प्रोग्रामपुढेही हाच पेच असतो. डाव पंचवीस चालींत आटोपेल की नव्वदपर्यंत रखडेल, सांगता येत नाही. मग तो उरलेल्या वेळाला साधारण तीस-चाळिसांनी भागतो आणि तेवढा वाटा एका चालीला सोडतो. दर चालीला घड्याळात जमा होणारे जादा सेकंद (बॉबी फिशरने 1989 मध्ये पेटंट मिळवलेली सोय) ही आवक. चाल घड्याळापर्यंत पोचताना वाया जातो तो वेळ म्हणजे वहनव्यय. त्यापोटी स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्राम मुळातच 10 मिलिसेकंद बाजूला काढून ठेवतो. एवढ्या कमी गळतीचे आमच्या चारीला स्वप्नही पडत नाही.

प्रोग्राम आधी एक चाल पुढचे पाहतो, मग दोन, मग तीन. पुढची पातळी बहुधा मागचीपेक्षा जास्त वेळ खाते. म्हणून निम्म्याहून अधिक वाटा संपला, की तो नव्या पातळीला हात घालत नाही. मात्र पसंतीची चाल ऐनवेळी बदलली किंवा डावाचा भाव एकदम घसरला, तर वाढीव वेळ मंजूर होतो. करपणाऱ्या उसालाही पाणी वाढवून मिळते. फरक इतकाच, की यंत्राला त्यासाठी कोणाला भेटावे लागत नाही.

पूर्वपक्ष : एकच चाल शक्य असेल तर?
उत्तरपक्ष : यंत्र ती तत्काळ खेळते. समितीपुढे एकच पर्याय असला तरी बैठक होतेच, कारण चहा सांगून झालेला असतो.

पूर्वपक्ष : प्रतिस्पर्ध्याच्या वेळात यंत्र विचार करते, हे न्याय्य आहे काय?
उत्तरपक्ष : हा शेजाऱ्याच्या पाळीत पाणी आपल्या वावराकडे वळवण्याचा प्रकार. राहुरीत यावरून भाऊबंदकी पेटते, बुद्धिबळात त्याला मान्यता आहे.

निर्णय : सुरुवातीलाच हात सैल सोडला, की जिंकत आलेला डावही घड्याळावर जातो. कालव्याच्या शेवटी, टेलला असलेल्या शेतकऱ्याला हे कळायला संगणक लागत नाही.