उतरणाऱ्याची मंगळवार सकाळ

रविवारी सकाळी डोंबिवली पश्चिमेच्या भागशाळा मैदानावर मी शंभर बैठका मारल्या. कॉलेजात असताना दोनशे मारायचो, म्हणून निम्म्या. वयाला एवढी सूट पुरे, असं वाटलं. मधली अठ्ठावीस वर्षं हिशेबात धरायची राहून गेली.

सोमवार झकास गेला. ऑफिसात दोघांना व्यायामाचं महत्त्वही पटवून दिलं. मंगळवारी उठून पाय जमिनीवर टेकवले, तर मांड्यांत कुणी खडी भरून शिवून टाकल्यासारखं वाटलं.

"अहो, लंगडताय का?" बायकोने विचारलं.

"एकच पाय दुखत असता तर लंगडलो असतो."

सोसायटीतला जिमवाला मुलगा जिन्यात भेटला. "काका, लॅक्टिक अॅसिड साचलंय. लिंबूपाणी घ्या." हे अॅसिड व्यायाम थांबला की तासाभरात निघून जातं, मंगळवारपर्यंत मुक्काम ठोकत नाही. तरी लिंबूपाणी घेतलं. उकडत होतं.

खरी गोम उतरण्यात आहे. जिना चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, ते त्याला जमतं. उतरताना मात्र त्याला ताणलं जाता जाताच सगळं ओझं तोलून ब्रेक लावावा लागतो. सवय मोडलेल्या स्नायूच्या तंतूंना त्यात बारीक इजा होते, मग सूज येते आणि २४ ते ७२ तासांत ठणका शिगेला पोचतो. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच या उशिरा येणाऱ्या दुखण्याचं खापर स्नायूच्या आतल्या फाटाफुटीवर फोडलं होतं. बैठकीत खाली जाताना हाच ब्रेक लागतो. मी तो शंभर वेळा दाबला होता.

ठाण्याला ऑफिसला निघालो, तर माझी चाल बघून लोकलगाडीत एका तरुणाने तिघांना सरकवून मला चौथी सीट मिळवून दिली. चौथी सीट म्हणजे अर्धं बूड बाकावर आणि उरलेला माणूस मांडीच्या जिवावर. बसून प्रवास कसला, डोंबिवली ते ठाणे एकच लांबलचक बैठक! "ठाणा?" असं कुणी विचारायच्या आत, कोपरलाच मी उठायला सुरुवात केली. मुंब्र्याला उभा झालो.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हा चौदा डब्यांत मिळून चारशे माणसं होती. आता तेवढी गर्दीच्या वेळी एका डब्यात असतात, आणि त्या सगळ्यांना त्या दिवशी माझ्या मागून पुलाचा तोच जिना उतरायचा होता. मी कठडा धरून आडवा उतरत होतो, खेकड्यासारखा.

"काका, चढताय की उतरताय, एकदा ठरवा!"

दुपारी जेवून तलावपाळीला एक फेरी मारली. पहिली पन्नास पावलं देव आठवला, मग पाय सैल झाले. हलकं चालणं, झोप आणि धीर, एवढंच कामाचं. घरी आल्यावर आईने तीळतेल लावून शेक दिला. त्याने बरं वाटतं, लवकर बरं होतं असं नाही. पण हे आईला कोण सांगणार?

रात्री बायकोने लघवीचा रंग विचारला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हा प्रश्न प्रथमच आला. तिने कुठेतरी वाचलं होतं: एकदम अतिरेकी व्यायाम केला, दुखणं सोसवेना, अंगातली ताकद गेली आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तडक डॉक्टर गाठायचा. स्नायू फुटून त्यातला ऐवज रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाला धोका होतो. माझा रंग नेहमीचाच निघाला. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि मग मनसोक्त हसून घेतलं.

शुक्रवारी मी सरळ उतरलो. एकदा दुखून घेतलेला स्नायू पुढच्या खेपेला तेवढ्याच कामाने कमी दुखतो म्हणतात. मी विषाची परीक्षा घेतली नाही. पुढच्या रविवारी वीसच मारल्या.

मंगळवारी सकाळी ठाण्याच्या पुलावर कुणी आडवा उतरताना दिसला, तर मागून रेटू नका. बाजूने जा.