ब्याऐंशी सीसीची स्पोर्ट्स कार

पिंपळगाव राजात स्पोर्ट्स कार का नसावी? वडिलांची प्रीमियर पद्मिनी गोठ्याच्या छपराखाली उभी आहे, तिच्या बॉनेटवर मांजर व्यायली आहे, आणि तुमच्याकडे कापसाचे थोडे पैसे आलेत. एवढं भांडवल पुरतं. पुढच्या पायऱ्या क्रमानं पाळा. एखाद्या वर्षात गाडी जागची नक्की हलेल.

1. आधी पात्रता तपासा. स्पोर्ट्स कारला दोन दारं असतात, पद्मिनीला चार. घाबरू नका. मागची दोन ओढून बघा. उघडली नाहीत तर पहिली अट पूर्ण झाली. घराणंही काही कमी नाही. हिची पूर्वज फियाट 1100 मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत पळायची. हे वाक्य पाठ करा, घरी पैसे मागताना लागेल.

2. मोठं इंजिन आणा. पद्मिनीचं मूळ इंजिन 1089 सीसी. प्रीमियरनंच 1985 मध्ये 118 एनई काढली, तिच्यात निसानचं ए-12 होतं, 1171 सीसी. वजाबाकी करा: 82. म्हणजे मोजून एक कट चहा. एवढ्या चहासाठी तुम्हाला माउंटिंग कापायचे आहेत, गिअरबॉक्स बदलायचा आहे आणि स्टिअरिंगजवळचा गिअरदांडा खाली आणण्यासाठी फरशीला भोक पाडायचं आहे. अश्वशक्ती चाळिसावरून पन्नासाच्या घरात जाईल. पारावर कुणी विचारलं तर आकडे सांगत बसू नका, "जपानी इंजिन टाकलं" एवढंच म्हणा.

इंजिन मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधा. पद्मिनी ज्या कुर्ल्यात जन्मली, तिथलेच दुकानदार तिचे नातलग किलोवर विकतात. "चालू आहे का?" असं विचारू नका, नवखे वाटाल. खाली बसा, क्रँक हातानं फिरवून बघा आणि तोंड वाकडं करा. भाव थोडा उतरतो. मग ते मिस्त्रीकडून नव्यानं बांधून घ्या.

3. कायदा पाळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे परवानगीशिवाय गाडीत असला बदल करता येत नाही, आणि आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढवावा लागतो. आता नीट लक्ष द्या. नव्यानं बांधलेल्या इंजिनावर जोर टाकू नये, असं मिस्त्री सांगणार. नंबर चढवायला गाडी बुलढाण्याला न्या, असं एजंट सांगणार. मोताळ्यावरून बुलढाण्याला जाताना मध्ये राजूर घाट आहे. दोघांचंही ऐका.

4. पहिलं स्टार्ट. कॅमशाफ्ट आणि टॅपेट एकमेकांना घासून बसावे म्हणून इंजिन सुरू होताच वीसेक मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवतात, स्लोवर सोडत नाहीत. पद्मिनीत आरपीएमचा काटा नसतो, तेव्हा कानानं ठरवा. पाचव्या मिनिटाला शेजारचे काका येतील: "काहून भाऊ, मोटर जळाली काय? डिझेल इंजिन आणलं?" हात वर करून हसा, पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलवू नका. रेडिएटरमधून पाणी उडू लागलं तर काका आपोआप जातील.

5. रनिंग-इन. यात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, पहिले हजार किलोमीटर गाडी वरातीसारखी न्या. दुसरा म्हणतो, पहिल्याच दिवशी ताणा, नाहीतर रिंगा बसणार नाहीत. दोघांच्याही गाड्या ऑइल पितात. खरी गोष्ट एवढीच, की बोअरला होन मारताना पडलेल्या तिरक्या रेघांवर रिंगा घासून बसायला इंजिनावर कमीजास्त भार यावा लागतो. नुसतं उभ्या गाडीत भुर्रभुर्र करत ठेवलं तर बोअर गुळगुळीत होतो आणि मग जन्मभर निळा धूर. आपल्याकडे ही सोय रस्त्यानंच केली आहे: खड्डा आला की तिसरा, म्हैस आली की दुसरा, भार आपोआप बदलतो.

सरळ रस्ताच हवा असेल तर अकोल्यापर्यंत जा. तिथून अमरावतीकडे 75 किलोमीटरचं डांबर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला होता. तुमच्या मिस्त्रीला तेवढ्या वेळात हेडचे नट दुसऱ्यांदा कसणंही होत नाही. पण ते कसून घ्याच, आणि पाचशे किलोमीटरला ऑइल बदला. जुनं ऑइल उन्हात धरा. त्यात चांदीसारखी चमक दिसली तर आपण चांदीच्या खामगावजवळ राहतो म्हणून समाधान मानू नका, बेअरिंग बघा.

6. ट्यूनिंग. ही पायरी संपत नाही. मिक्शरचा स्क्रू पूर्ण आत घ्या, दीड फेरा बाहेर काढा, स्लो सेट करा, परत मिक्शर. इंजिन गोड चालू लागलं की कुणीतरी म्हणेल, "भाऊ, थोडं मिसिंग वाटते." वाटतंच. लगेच पॉइंट उघडा. गॅप अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवा. फीलर गेज भाच्यानं नेला असेल तर लग्नपत्रिकेचा कागद लावा. मग प्लग काढून रंग बघा: काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, बदामी म्हणजे कुणीतरी प्लग बदललाय.

आता पांढरेच निघतील. पद्मिनीच्या काळात पेट्रोलात इथेनॉल नव्हतं. आता पंपावर 20 टक्के आहे. त्यानं मिक्शर पातळ होतं, म्हणून मोठा जेट लागतो, आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचं जुनं रबर फुगतं ते वेगळंच. इथेनॉल मक्यापासूनही बनतं. तेव्हा आपण पिकवायचं आणि आपल्याच डायफ्रॅमनं ते खायचं, असा हा जोडधंदा आहे. मे महिन्यात भर दुपारी नळीत पेट्रोलची वाफ धरली की गाडी नांदुरा रोडवर बंद पडेल. बॉनेट उघडा, फडकं भिजवून पेट्रोल पंपावर ठेवा आणि लिंबाखाली बसा. जाणारा प्रत्येक जण थांबून "काय झालं?" विचारेल आणि सल्ला देईल. सगळे सल्ले घ्या. तेवढ्यात पंप थंड होतो आणि श्रेय शेवटच्याला मिळतं.

7. धोक्याची सूचना. सकाळी एका किल्लीत स्टार्ट, स्लो स्थिर, धूर नाही, मिसिंग नाही, असं सलग आठवडाभर झालं तर वेळीच सावध व्हा. तुमच्याकडे करायला काहीच उरलेलं नाही आणि घरच्यांच्या हे लक्षात येईल. ताबडतोब जोड कार्बोरेटर शोधायला लागा. दोन कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का, हे रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं त्यांच्या तोंडाशी धरून ऐकावं लागतं. दोन्हींचा सूंसूं आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचे. नळी विकत आणू नका. शेतातल्या ठिबकची दोन फूट पुरते. वडिलांनी विचारलं तर उंदरानं कुरतडली म्हणून सांगा.