डुमस: भुतांची वाळू, भज्यांची गर्दी

डुमस हा सुरतेचा घरचा समुद्रकिनारा. शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर, नैर्ऋत्येला. किनारा कायम जागेवर असतो, समुद्राचे तसे सांगता येत नाही. खंभातच्या आखाताचे तोंड जवळ असल्याने ओहोटीला पाणी फार लांब जाते आणि मागे उरतो चिखल. 2025च्या जुलैत एक आलिशान मोटार त्यात रुतून बसली. किनाऱ्यावर वाहने नेण्यास मनाई आहे. पण मनाई पायी चालणाऱ्यांसाठी असते, अशी मोटारवाल्यांची जुनी समजूत.

वाळू काळी आहे. लोक सांगतात, इथे पूर्वी स्मशान होते आणि चितांची राख मिसळून वाळू काळवंडली. भूशास्त्राची हकिगत कमी भीतिदायक, पण जास्त लांबची. दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन सुटणारे लोहयुक्त कण तापी वाहून आणते. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून, खानदेश ओलांडून, 724 किलोमीटरचा प्रवास करून ती डुमसजवळच समुद्राला मिळते. मराठ्यांनी 1664 आणि 1670 साली सुरत लुटली, त्याची परतफेड अशी हप्त्याहप्त्याने चालू आहे म्हणायची. वाळूमागोमाग माणसेही आली: उधना-लिंबायत भागात खानदेशी वस्ती एवढी आहे की अहिराणीत भांडायलाही सोबत मिळते.

अंधार पडल्यावर इथे कुजबुज ऐकू येते, अशी डुमसची देशभर ख्याती. रविवारच्या गर्दीत मात्र कुजबुजणाऱ्या भुताचा निभाव लागणे कठीण. घोडेवाले, उंटवाले आणि कणीसवाले यांच्यापुढे त्यालाही ओरडावेच लागेल.

‘सुरतनुं जमण, काशीनुं मरण’ ही गुजराती म्हण. स्मशानाच्या आख्यायिकेशेजारी भज्यांच्या गाड्या लावून सुरतकरांनी दोन्ही गावे एका फेरीत उरकली आहेत. कोनफळाच्या चकत्या बेसनात बुडवून, वर धने-मिऱ्यांची भरड पेरून तळतात. तिला पुरी म्हणतात, असते ते भजेच. खरा मान टोमॅटोच्या भज्याचा. जाड चकतीवर हिरवी चटणी थापून ती पिठात घोळवून कढईत सोडतात. बाहेरून भजे लवकर निवते, आतला टोमॅटो निवत नाही. नवखा माणूस घाईने घास घेतो, आणि तिन्हीसांजेला किनाऱ्यावर उमटणाऱ्या अमानवी हुंकारांपैकी बरेचसे तिथूनच येतात.