आहेराचं नाणं अन् चौकोनी सेल

"वहिनी, ऐकलं का? कोपऱ्यावरच्या फोटोवाल्या पोट्ट्याच्या बॅगेतून धूर निघाला म्हंते! ऐन मंगलाष्टकात!"

काकूंची बातमी नेहमी शेपटाकडून सुरू होते. डोकं हाती लागेपर्यंत इकडे तव्यावरची पोळी करपते, म्हणून मी आधी गॅस बंद केला आणि कुंपणाशी आले. आमच्या दोघींमधलं कुंपण म्हणजे आरागिरणीत उरलेल्या सागाच्या कडेच्या फळ्या. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग गेला. काकू पाहुण्यांना ते सांगतात तेव्हा हात याच फळ्यांवर ठेवलेला असतो. जणू तिकडून उरलेलं लाकूड आमच्याकडे परत आलं.

"बॅग पेटली?"

"पेटली नाही जी, धुपली. पहिले लोकांले वाटलं मांडवाची वायर जळून राहिली. मंडपवाल्यानं मेन स्विचच पाडला. झालं! पंखे बंद, माइक बंद, अन् भटजी बिचारे घसा ताणून राहिले. तितक्यात एका लहान पोरीनं ओरडून सांगितलं, काका, तुमच्या बॅगेतून अगरबत्ती निघून राहिली."

"कशानं पण?"

"सेलनं! तो माइकमधी टाकतात नाही का, चौकोनी. पोट्ट्यानं तो बॅगेच्या बाजूच्या खिशात सुटाच ठेवला होता. अन् नवरीचा मामा, त्याच्या नव्या कुर्त्याले खिसाच नाही! आहेराच्या पाकिटावरचे निघालेले रुपये, फाटके पाकिटं, कपाटाची किल्ली, सगळं आणून त्याच खिशात कोंबलं. 'तुझी बॅग कोणी हात लावत नाही,' म्हंते."

ओसरीवर बसलेले काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "चौकोनी सेल लय बदमाश असते." काकांची सगळी नोकरी वनखात्यात गेली. निवृत्त झाले तरी अजून सेल, टॉर्च आणि वाघ या तीन विषयांवर त्यांना कोणी विचारावं लागत नाही. "पेन्सिल सेलचं एक टोक वर, एक खाली. त्या नऊ व्होल्टवाल्याचे दोन्ही बटणं एकाच डोक्यावर, मधात अर्धा इंच. रुपया त्यावर आडवा पडला का सर्किट पुरं. मग सेल तापते, नाणं तापते, अन् बाजूले कागद असला का करपते."

"कॅमेऱ्याचं काय झालं?" मी विचारलं.

"कॅमेरा तं हातात होता, तो वाचला. मोठी लेन्स मधल्या खणात होती. स्पंज वितळून तिच्या रिंगेले असा चिकटला, का फिरवायले गेला तं करकर वाजते." काकूंनी मूठ वळवून दाखवली. "अन् ते लेन्स पहिलेच चरे पडलेली. मागच्या महिन्यात वनवैभवात एका जोडप्याचं प्री-वेडिंग केलं त्यानं. बॅगेत चार पेन्सिल सेल गडगड फिरून राहिले अन् लेन्सले झाकण नाही. खनिजाच्या ट्रकांनी आपल्या रस्त्याचं जे केलं ते सेलांनी काचेचं केलं."

वनवैभव म्हणजे आमच्या आलापल्लीचा दागिना. सहा हेक्टरांचा, जुन्या सागाचा राखलेला तुकडा. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे हल्ली झाडांपेक्षा जोडप्यांचे फोटो जास्त निघतात असं माझं मत आहे. पण ते मी काकूंना सांगत नाही. त्यांच्या भाचीचाही निघाला आहे.

काका आता पेपर घडी घालून कुंपणापर्यंत आले होते. म्हणजे व्याख्यान ठरलेलं.

"आम्ही वाघ मोजाले कॅमेरे लावायचो," ते म्हणाले. "पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी, समोरासमोर. वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे वेगळे, उजव्या अंगाचे वेगळे, म्हणून जोडी. २०१८ च्या गणतीत देशभर सव्वीस हजारांवर जागी कॅमेरे लागले होते. साडेतीन कोटींच्या आसपास फोटो. गिनीज बुकात गेलं ते. आता सांगा, किती सेल लागले असतील?"

"कोण मोजते जी?" काकू.

"मोजू नको, पण सुटे ठेवू नको! नवे डब्यात, वापरलेले वेगळ्या पिशवीत. अर्धा संपलेला सेल नव्यासंगं कधी टाकायचा नाही. कमजोर असते तो पहिले संपते, बाकीचे त्याच्यातून उलटा करंट रेटतात, मग आत गॅस होते अन् तो फुटून गळते. वाघानं कॅमेरा फोडला तं कागद करता येते. हत्तीनं फोडला तरी येते, २०२१ पासून तेही छत्तीसगडाकडून आलेच आहेत. पण सेल गळून कॅमेरा मेला, तं साहेब आपल्याकडेच पाहते."

त्यांच्या या वाक्यावरून मला आमच्या घरातला जुना फ्लॅश आठवला. पावसाळाभर सेल आतच राहिले होते आणि स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी भुकटी जमली होती. काका म्हणाले, ती बुरशी नाही, अल्कलाइन सेलमधला क्षार. त्याला पाणी नको, लिंबू लावा. माझ्या झाडाचं एक लिंबू त्यांनी कुंपणावरून स्वतःच तोडलं, कापसाच्या काडीला रस लावून कसं टेकवायचं ते दाखवलं. भुकटी फसफसते, मग पुसायची. हात डोळ्यांना लावायचा नाही. स्वस्तातल्या साध्या जस्ताच्या सेलचं मात्र उलटं, तो गळतो तो आम्ल. त्याला खायचा सोडा. उरलेलं लिंबू काकूंनी पदरात टाकलं, ते परत आलं नाही.

"आमची पोरगी विमानानं गेली नं," काकूंनी गाडी वळवली, "तं सुट्या बॅटऱ्या मोठ्या बॅगेत घालूच देल्या नाही. म्हंते, हातातल्या पिशवीत ठेवा, टोकांले चिकटपट्टी लावा. म्हंजे जळलं तं आपल्याच मांडीवर जळावं का?"

"मांडीवर जळलं तर विझवायला माणसं असतात," मी म्हटलं. "खाली सामानात जळलं तर कोणाला कळणार? दुबईला २०१० साली मालवाहू विमानात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या. आग लागली, विमान पडलं, दोन्ही वैमानिक गेले."

"बाप्पा!" काकू एक क्षण गप्प. एकच. "पण लेन्सचं ऐका. आष्टी-गोंडपिपरी करत चंद्रपूरले नेली, तिथं सांगितलं नागपूरले न्या. खर्च कोण देणार? मुलाकडचे म्हंतात मामानं द्यावा. मामा म्हंते, नाणी माझी नाही, आहेराची होती, ज्यानं आहेर देला त्याले मागा. अन् आहेर तं अर्ध्या आलापल्लीनं देला!"

"मग?"

"मग का, काल रात्री पाकिटांची यादी काढली म्हंते. तुम्ही किती देला होता जी?"

"एकशे एक."

काकूंनी फळीवर हात आपटला. "म्हंजे एक रुपया तुमचाही होता!"